टबातलं पाणी सोडायचं नाही

इंदोरा, नागपूर
दि. २२ ऑगस्ट १९७६

चि. गोपिका हीस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं जुलैचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण एकच, आणि त्या कारणाचं वय एकाहत्तर आहे. आपले बाबूजी जपानला निघालेत. आमच्या विहाराच्या समितीला तुमच्या ओसाकातल्या एका बुद्धमंदिराचं निमंत्रण आलं आहे. अकरा उपासक, दहा दिवस, राहण्याजेवण्याचं सगळं तिकडचे लोक बघणार. चिटणीस म्हणून वामनराव पुढे, आणि मिलमधल्या जुन्या कार्यकर्त्यांत बाबूजींचं नाव निघालं. नोव्हेंबरच्या पाच तारखेला इथून निघायचं आहे.

आता मुद्द्याचं. ते ओसाकाला येणार, पण तुझ्या घरी येणार नाहीत. मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. म्हणाले, जपान मोठा आहे, एका घरी नाही गेलं म्हणून काही अडून नाही राहिलं. तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, तुझं नाव त्यांच्या तोंडी नाही. तुझं पत्र आलं की उठून बाहेर ओट्यावर जाऊन खोकत बसतात. मी मोठ्याने वाचायला लागले की खोकला थांबतो.

कन्हानच्या धोंडबाकाकांना त्यांच्या मुलासाठी त्यांनी शब्द दिला होता, आणि तू संत्र्यांचे रोग तपासायला आलेल्या जपानी माणसाशी रजिस्टर लग्न करून मोकळी झालीस. शब्द मोडला हे खरं. पण वस्तीत उभं राहून जात मोडा, माणसाशी माणसाने लग्न करा म्हणून वीस वर्षं भाषणं ठोकणारा माणूस सख्ख्या लेकीचं लग्न पचवू शकत नाही, हे पाहून माझं डोकं फिरतं. मी तोंडावर तसं म्हटलं तर दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः खिचडी लावली, ती बुडाला लागली.

मला एवढंच हवं आहे की त्यांनी तुझ्या दारात जावं. या वयात माणूस दुसऱ्यांदा जपानला जात नाही. म्हणून तू एक काम कर, पहिल्यांदाच येणाऱ्या माणसाला तिथे काय काय सांभाळावं लागतं ते सविस्तर लिही. मी वाचून दाखवीन, कोणाचं आहे ते सांगणार नाही. त्यांनी सदर बाजारातून नाडीचे बूट आणलेत आणि घरात घालून फिरताहेत. यावरून पुढचं ओळख.

तुझ्या यजमानांना, मोरितांना, आमचा जयभीम सांग. तुझ्यावर जीव आहेच, तो पत्रात दरवेळी लिहायला लावू नकोस.
तुझी,
सिंधूताई

*

ओसाका
दि. ३ सप्टेंबर १९७६

ती. सिंधूताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

जपान मोठा आहे हे मला ठाऊक आहे, मी त्यातच राहते. पत्र वाचून आधी हसू आलं, मग इतका राग आला की ह्यांनी विचारलं, कोण वारलं. मी सांगितलं, कोणी नाही, माझे वडील येताहेत.

तुला सूचना हव्यात तर घे. पहिलं म्हणजे नाडीचे बूट परत कर. इथे घरात, मंदिरात, खानावळीतसुद्धा जोडे दारात काढावे लागतात, दिवसातून दहा वेळा. नाडी सोडता-बांधताच त्यांचे दहा दिवस जातील. आत चपला मिळतात, पण संडासाच्या चपला वेगळ्या, आणि त्या पायात ठेवून बाहेर आलं की सगळं घर तोंडावर हात धरतं. माझं पहिल्या आठवड्यात दोनदा झालं.

भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, तसं मेलेल्या माणसासाठी करतात. शेवया ओढताना आवाज केला तर चालतो, नाक शिंकरलेलं चालत नाही. पांढऱ्या कपड्यांत एकट्याने फिरू नये, इथे पांढऱ्या कपड्यांत यात्रेकरू फिरतात, लोक हातात काहीबाही ठेवतील. संत्री आणू नयेत. विमानतळावर काढून घेतात, आणि काढून घेणारा ह्यांचा मित्र निघायचा. ज्याच्याकडे जाल त्याला लहानशी भेटवस्तू न्यायची, कागदात बांधलेली. त्याने ती समोर उघडली नाही तर रागवायचं नाही.

आंघोळीचं नीट वाचून दाखव. बाहेर लहान पाटावर बसून साबण लावायचा, अंग स्वच्छ धुवायचं, आणि मग कढत पाण्याच्या टबात नुसतं बसायचं. ते पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच असतं. पाहुण्याला पहिला मान, मग बाकीचे एकामागून एक त्याच पाण्यात. म्हणून बाहेर येताना टबातलं पाणी सोडायचं नाही. याखाली मी दोन रेघा मारल्यात.

माझ्या घरी कोणी यावं म्हणून मी पाया पडणार नाही. मी पळून गेले नव्हते. आधी सांगितलं, समोर उभं राहून सांगितलं, आणि लग्न केलं तेही बौद्धाशीच. आणखी किती बौद्ध हवा होता ते त्यांनी सांगावं.

तब्येत सांभाळ. माझ्यावर रागावलीस तरी लिहिणं सोडू नकोस.
तुझी,
गोपिका

*

इंदोरा, नागपूर
दि. १९ सप्टेंबर १९७६

चि. गोपिका हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सूचना समितीने काढलेलं पत्रक म्हणून वाचून दाखवल्या. पत्रकात ह्यांचा मित्र कुठून आला असं त्यांनी विचारलं नाही, म्हणजे सगळं कळलेलं आहे.

बूट परत गेले नाहीत. वामनरावांनी सांगितलंय की परदेशात बुटांशिवाय किंमत नाही, आणि वामनराव शेजारच्या कामठीच्या पुढे गेलेले नाहीत. पांढऱ्या कपड्यांवर भडकले. म्हणाले, काहून नाही घालायचे, दीक्षेच्या दिवशी जे अंगावर होतं तेच घालून मी बुद्धाच्या देशात जाईन. बुद्धाचा देश आपलाच, जपान नव्हे, असं मी म्हटलं तर म्हणे, मास्तरीण झाली म्हणून बापाले भूगोल नको शिकवू वं. तिथले सगळे भन्ते पालीत त्रिशरण म्हणतील आणि आपण त्यांच्याबरोबर म्हणू, या आशेवर रोज पहाटे सराव चालू आहे. शेजारची बायजाबाई विचारून गेली, घरात कोणाचं काही कमीजास्त झालं का.

आंघोळीचा भाग मात्र ऐकून घेतला. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचला. मग त्यांच्यानंतर पाण्यात कोण उतरतं ते विचारलं. मी म्हटलं, सगळे. एवढ्यावर उठून ओट्यावर गेले आणि त्या दिवशी खोकलेही नाहीत. त्यांना किळस आली असेल.

तुझा राग मला कळतो, पण तुम्हा दोघांच्या मध्ये उभी राहून माझे पाय दुखायला लागलेत. तू पाया पडू नकोस, पण दार तरी उघडं ठेव. ते ज्या मंदिरात उतरणार त्याचं नाव वामनरावांनी अजून सांगितलेलं नाही, कागद हरवला म्हणतात.

आमचे हे कोराडीच्या वीजकेंद्रातून रोज राखेत माखून येतात आणि म्हणतात, जपानला सासऱ्याऐवजी मलाच पाठवा. त्यांचाही आशीर्वाद. माया राहू दे.
तुझी,
सिंधूताई

*

ओसाका
दि. २ ऑक्टोबर १९७६

ती. सिंधूताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

अकरा माणसं घेऊन निघालेल्या चिटणीसाकडून उतरण्याचा पत्ता हरवतो, यावर मी काही लिहिणार नाही, लिहिलं तर पत्र जप्त होईल.

सोबत एक कार्ड पाठवते आहे. त्यावर जपानीत लिहिलं आहे की हे गृहस्थ भारतातून आलेत, त्यांना जपानी येत नाही, कृपया खालच्या पत्त्यावर पोचवा. मंदिराचा पत्ता माहीत नाही म्हणून माझ्या घरचा घातला आहे. इथे वाट चुकलेल्याने असं कार्ड पोलीस चौकीत दाखवलं की ते दारापर्यंत आणून सोडतात. हे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घाल. कोणाचा पत्ता ते सांगायचं की नाही, तू ठरव. मला आता खोटं बोलायचाही कंटाळा आला आहे.

खरं सांगू का, ते यावेत असं मला फार वाटतं. कामावरून येताना रोज वाटेत मनात घर लावते, बाबूजी इथे बसतील, इथे झोपतील. मग ओट्यावर उठून जाणारी त्यांची पाठ आठवते आणि सगळं पुन्हा आवरून ठेवते. सासूबाई विचारतात, तुझे वडील कसे आहेत. मी सांगते, हट्टी आहेत. त्यांना वाटतं, जपानी शब्द चुकला.

तुझ्या पायांना तेल लाव. मध्ये उभी आहेस म्हणून तर आम्ही दोघं अजून उभे आहोत.
तुझी,
गोपिका

*

इंदोरा, नागपूर
दि. ६ नोव्हेंबर १९७६

चि. गोपिका हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल हावडा मेलने सगळे गेले. कलकत्त्याहून विमान. हे पत्र बहुधा त्यांच्या मागून येईल, तरी लिहिते, नाहीतर मला झोप लागणार नाही.

स्टेशनवर निम्मी वस्ती लोटली होती. बाबूजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पायात नाडीचे बूट, हातात पिशवी आणि पिशवीत वीस संत्री. मी काढून घेतली तर गाडी हलताना बायजाबाईने खिडकीतून दुसरी वीस दिली. या बाईला मी अजून काही बोलले नाही, पण बोलणार आहे.

कार्ड खिशात घातलं. समितीचं आहे, हरवलात तर दाखवा, असं सांगितलं. त्यांनी काढून उलटसुलट पाहिलं आणि काही न विचारता पुन्हा ठेवलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मी काय लहान पोर आहो का हरवायले. मग गाडी सुटली.

आता माझ्या हातात काही नाही. तू तरी मनाने थोडी मऊ राहा, एवढं या ताईचं ऐक.
तुझी,
सिंधूताई

*

ओसाका
दि. १३ नोव्हेंबर १९७६

ती. सिंधूताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

बाबूजी माझ्या घरी आहेत. आत्ता शेजारच्या खोलीत घोरताहेत. आता काय झालं ते क्रमाने सांगते.

ते आठ तारखेला उतरले. संत्री विमानतळावर गेली, तिथे त्यांनी भांडण केलं म्हणे. तीन दिवस निरोप नाही. मी मंदिर शोधून काढलं होतं, ट्रॅमने अर्ध्या तासावर, पण गेले नाही. मीही त्यांचीच मुलगी. मंदिरात पहिल्याच दिवशी त्यांना कळलं की मुख्य भन्तेंना बायको आहे आणि दोन मुलं, मोठा मुलगा पुढे भन्तेच होणार. पाली कोणालाच येत नाही. त्या रात्री बाबूजी जेवले नाहीत.

अकरा तारखेला दुपारी मंदिरात सगळ्यांसाठी आंघोळीचं पाणी तापवलं. वयाने मोठे म्हणून बाबूजींना पहिला मान दिला. ते आत गेले, टबात बसले, आणि बाहेर येताना बूच उपटलं. दहा उपासक पंचे गुंडाळून थंडीत रांगेत उभे, आणि आत टब रिकामा. भन्तेंच्या बायकोला पुन्हा पाणी तापवत बसावं लागलं. वामनराव सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते बोलले, नागपूरची अब्रू घालवली म्हणाले. बाबूजींनी बूट चढवले आणि निघून गेले.

दिवेलागणीला आमच्या दारात एक पोलीस आणि त्याच्यामागे पांढऱ्या कपड्यांत बाबूजी. हातात एक संत्रं. वाटेत कुठल्याशा म्हातारीने यात्रेकरू समजून दिलं होतं. मला पाहून एवढंच म्हणाले की यात बी नाही आन् चवही नाही. सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे. मग दारात बसून दहा मिनिटं नाड्या सोडत राहिले आणि मी उभी राहून पाहत राहिले. मदत करायला वाकले तर पाय मागे घेतला.

इथवर मी शांत होते. जेवणाआधी आंघोळीची वेळ झाली. बाबूजी म्हणाले, मी शेवटी जाईन. सासूबाई ऐकेनात, हे ऐकेनात, पाहुणा पहिला. मी निक्षून सांगितलं की पाणी सोडायचं नाही. पंधरा मिनिटांनी आतून गुडगुड आवाज आला.

ताई, माझा तोल गेला. मी दाराबाहेरून ओरडले, शुद्ध नागपुरीत. दोन रेघा मारून लिहिलं होतं, ताईने दोनदा वाचून दाखवलं होतं, मघाशी तोंडाने सांगितलं, तरी तुम्ही मुद्दाम करून राहिले का म्हणून. ते पंचा नेसून बाहेर आले. खाली बघत म्हणाले, माह्या पाण्यात कोण उतरते गा. मला गा म्हणाले, जसं एखाद्या पुरुषाला म्हणावं. मला वाटतं ते माझ्याशी बोलतच नव्हते.

आपण दोघी नळाच्या पाण्यावर वाढलो, ताई. मी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतल्या, कोणी काही म्हटलं नाही. त्यांना किळस आली असेल असं तू लिहिलं होतंस, मलाही तसंच वाटलं होतं. त्यांना वाटत होतं की ती दुसऱ्यांना येईल, आणि कोणी तसं म्हणायच्या आत त्यांनी पाणी सोडून दिलं होतं. दोन्ही वेळा.

ह्यांना मराठी थोडं कळतं, सगळं नाही. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही. त्यांनी टब पुन्हा भरला, गॅस लावला, पाऊण तास थांबले आणि वाकून बाबूजींना पुन्हा आत पाठवलं. या वेळी गुडगुड आली नाही. ते बाहेर आले तशा सासूबाई गेल्या, मग हे गेले. बाबूजी दाराशी बसून ऐकत होते. हे लालबुंद होऊन बाहेर आले आणि म्हणाले की आज पाणी छान लागलं. शेवटी मी गेले. मी त्या पाण्यात बसून खूप रडले, हे तुला सांगते, त्यांना सांगू नकोस.

मंदिरात फोन करून कळवलं आहे. आता झोपते. तुझी आठवण येते, रागासकट.
तुझी,
गोपिका

*

ओसाका
दि. १६ नोव्हेंबर १९७६

चि. सिंधू हीस,
आशीर्वाद व जयभीम.

मी रात्रशाळेत लिहायले शिकलो, तुह्यासारखं शुद्ध मले येत नाही, लाल शाईनं खुणा करत बसू नको. हे पत्र पोचेल तेव्हा मी घरी आलेलो असेन. पण हे मी तोंडानं सांगणार नाही, म्हणून लिहून राहिलो.

पुढच्या साली तुले इकडे यायचं आहे, मी ठरवलं आहे. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी ऐक. नाडीचे बूट आणू नको. वामनरावाचं काही ऐकू नको. इथं भन्तेले बायको असते, ते पाहून जेवण सोडू नको, त्याची बायको चांगली आहे, तिनं दुसऱ्यांदा पाणी तापवलं आन् तोंड वाकडं नाही केलं. रेल्वे सांगितल्या मिनिटाले येते, त्याचा फार त्रास होते. संत्र्याची गोष्ट काढू नको, जावयाले वाईट वाटते, त्याचं सगळं काम त्याच्यातच आहे.

मी हरवलो नव्हतो. ते कार्ड पहिल्याच दिवशी दुभाष्याकडून वाचून घेतलं. तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. वामनराव बोलला नसता तर चौथा दिवसही गेला असता, मी माहा स्वभाव ओळखतो.

पाण्याचं गोपिकानं तुले लिहिलंच असेल. लहानपणी कन्हानच्या अलीकडे आमच्या गावात विहिरीवर आमाले वरून ओंजळीत पाणी टाकत. मी लहान असताना एकदा काठावरच्या बादलीले हात लावला तर ती सगळी ओतून दिली आन् बादली राखेनं घासली. मी धर्म बदलला, नाव कमावलं, मिलमध्ये युनियन चालवली. वाटलं होतं ते गेलं. हाताले ते माहीत नव्हतं. बूच दिसलं आन् हात गेला. जावई त्याच पाण्यात बसला तेव्हा मी दाराशी होतो. त्याले घाई नव्हती, आत गाणं म्हणून राहिला होता.

आता धोंडबाचं. शब्द मी दिला होता, तो गोपिकानं मोडला, म्हणून मी सहा वर्षं बसलो. तुले माहीत नाही, धोंडबा मले मागच्याच्या मागच्या साली कन्हानच्या बाजारात भेटला होता. त्याच्या पोराले दोन लेकरं झाली. त्यानं मले चहा पाजला आन् विचारलं, गोपिका कशी आहे. मले माहीत नव्हतं. त्याले काय सांगू, मी म्हटलं मजेत आहे. ज्याले शब्द दिला होता त्यानं कवाच सोडून दिला, मीच धरून बसलो होतो. घरी येऊन तुले हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू मले दुसऱ्याच दिवशी पत्र लिहायले बसवलं असतं.

काल संध्याकाळी ती भांडे घासून राहिली होती. मी मागं उभा राहून म्हटलं, माहं चुकलं. नळ सुरू होता. तिले ऐकू आलं नसेल, नाहीतर आलं असेल, तुमी दोघी बहिणी सारख्याच. मग तिनं नळ बंद केला आन् तशीच पाठ करून उभी राहिली. मले दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

संत्र्यांवरून बायजाबाईले काही बोलू नको. सर्वांना आशीर्वाद.
तुझे बाबूजी,
शालिकराम